उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू

माझ्या दोन्ही गुडघ्यांवर सोरायसिस आहे. सव्विसाव्या वर्षी पहिला चट्टा उठला, आता मला त्रेसष्टावं चालू आहे. मधल्या काळात तो कोपरांवर आला आणि गेला, केसांत आला आणि गेला, पण गुडघ्यांवर मात्र मुक्काम ठोकून बसला. लाल, जाडसर कातडी आणि त्यावर चंदेरी खपल्या. सकाळी चादर झटकली की फरशीवर पांढरा कोंडा पडायचा, तो मी कुणी उठायच्या आत झाडून घ्यायची.

त्यात माझा पेशा असा, की गुडघे झाकून राहणं अवघड. मालाडच्या एका शाळेत मी तीस वर्षं पीटी शिकवली. एकदा खो-खोच्या सरावात माझी पँट वर सरकली आणि सहावीतल्या एका मुलीने चट्टा पाहिला. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. बिचारी भांडायला आली नव्हती. बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण तुम्ही पोरींना हाताला धरून शिकवता. हे पसरत तर नाही ना?"

"नाही हो. हा लागण होणारा आजार नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. तिने मान डोलावली. पण पुढचे आठ-दहा दिवस ती मुलगी रांगेत माझ्यापासून लांबची जागा धरायची. त्यानंतर मी मे महिन्याच्या शिबिरातही घोट्यापर्यंतची ट्रॅकपँट सोडली नाही.

नवरा त्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्नाआधी आम्ही एकाच टीचर्स रूममध्ये डबा खायचो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून तू-मीच. चट्ट्यांचं त्याला कधी काही वाटलं नाही. मला मात्र वाटायचं, एवढाच फरक. आम्ही दोघं रिटायर झालो, बोरिवलीच्या घरात निवांत राहू असं ठरवलं आणि तेवढ्यात माझ्या गुडघ्यांनी आतूनही दगा दिला. आयुष्यभर धावल्याचा तो परिणाम. जिना उतरताना उजवा गुडघा कटकट वाजायचा, मग दुखायचा, मग एक दिवस भाजीची पिशवी हातात असताना तो चक्क वाकलाच. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, "दोन्ही बदलावे लागतील. उजवा आधी."

पण त्यांची एक अट होती. तापलेल्या चट्ट्यातून सुरी चालवायला ते तयार नव्हते. "आधी कातडी शांत करून आणा," असं म्हणून त्यांनी मला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं.

ती डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. भरभर बोलणारी, पण बघताना घाई न करणारी. गुडघा उजेडात धरून तिने सगळीकडून पाहिला आणि विचारलं, "काकी, कुठे खरचटलं, कापलं, तर त्या जागी नवा चट्टा उठतो का?"

"उठतो. कोपराला भिंत घासली होती तेव्हा उठला होता."

"मग ऑपरेशनच्या टाक्यांवरही उठू शकतो. आधीच सांगून ठेवते, घाबरू नका."

दोन महिने मलमं लावली. चट्टा फिका पडला, खपल्या कमी झाल्या, पण पूर्ण गेला नाही. एवढं पुरे, असं म्हणून सर्जननी जानेवारीत उजवा गुडघा केला. मांडीपासून खाली सरळ उभी चीर, गुडघ्याच्या बरोबर मधून.

पहिले पंधरा दिवस दुखण्यात आणि वॉकरमध्ये गेले. मग पहिल्यांदा धड आंघोळ केली त्या दिवशी एक विचित्र गोष्ट कळली. साबण लावताना चिरेच्या आतल्या बाजूला हात लागला तर कळत होतं. बाहेरच्या बाजूला लावला तर काहीच नाही. बोटांना गुडघा लागत होता, गुडघ्याला बोटं लागत नव्हती. दुसऱ्याच कुणाचा पाय आपण धुतोय असं वाटलं, आणि मी घाबरून नवऱ्याला हाक मारली.

फिजिओथेरपिस्ट मुलीला याचं काहीच वाटलं नाही. तिने समजावलं, की मांडीच्या आतल्या बाजूने येणारी एक बारीक नस गुडघ्याच्या पुढून आडवी बाहेरच्या बाजूला जाते. चीर उभी आणि नस आडवी, म्हणजे ती कापली जातेच. चालण्याशी तिचा संबंध नाही, ती फक्त कातडीचं जाणवणं पोचवते. "पुष्कळांना होतं, काकी. हळूहळू थोडंफार परत येतं. काहींना नाही येत."

घरी आल्यावर नवऱ्याने बॉलपेन काढलं. "डोळे मीट," म्हणाला. "टोचेल तेव्हा हो म्हण."

काडेपेटीतली काडी घेऊन तो गुडघाभर टोचत गेला. मी हो म्हणत गेले, मग गप्प झाले, मग पुन्हा हो म्हटलं. जिथे हो थांबलं तिथे त्याने ठिपके दिले आणि ठिपके जोडले. डोळे उघडले तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक निळी आकृती, पपईच्या फोडीसारखी लांबट. त्याने त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती उतरवून घेतली आणि खाली तारीख टाकली. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर तारीख टाकण्याची सवय.

"याचं काय करणार तू?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी परत काढू. कमी होतंय का ते कळेल. एरवी तू मला रोज विचारणार, कमी झालं का रे, कमी झालं का."

ते खरंच होतं.

फेब्रुवारी संपता संपता, एका रविवारी, काडी हातात धरून तो थांबलाच. "ए, हे बघ. चट्टा कुठे गेला?"

ऑपरेशननंतर मी मलमं बंद केली होती. डाव्या गुडघ्यावरचा चट्टा पुन्हा पहिल्यासारखा लाल झाला होता. उजव्यावरही चिरेच्या आतल्या बाजूला तो परत आला होता, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे टाक्यांच्या कडेने जरा जास्तच. पण चिरेच्या बाहेरच्या बाजूला कातडी साफ होती. मी चष्मा लावून पाहिलं, हात फिरवून पाहिला. मऊ, साधी कातडी. सदतीस वर्षांत त्या जागी मी असली कातडी पाहिली नव्हती. गुडघ्यावर मधोमध रेघ मारावी आणि एका बाजूचा चट्टा खोडरबराने पुसावा, तसं दिसत होतं.

नवऱ्याने निळी आकृती काढली आणि मग लाल पेनाने चट्ट्याची कड. निळ्याच्या आत लाल कुठेच जात नव्हतं.

दोघं ट्रेसिंग पेपरांचा गठ्ठा घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. तिने पेपर टेबलावर पसरले आणि तारखांप्रमाणे लावून एकेक पाहिला. बाहेर पेशंट ताटकळले होते. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"काकी, असं होतं हे मी शिकताना वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच बघतेय."

"पण होतं कसं? नस कापली तर दुखणं जाईल, खाज जाईल. चट्टा कसा जाईल?"

तिने माझ्या डाव्या गुडघ्यावरच्या चट्ट्यावर बोट ठेवलं. "चट्टा म्हणजे काय, तर शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी इथे विनाकारण चवताळल्यात. जंतू नाहीत, काही नाही, तरी लढतायत. त्यामुळे कातडी सुजते आणि भराभर वाढते. आतापर्यंत कळलं?"

"हो."

"आता नसा. आपण समजतो की नसा फक्त मेंदूला बातमी देतात, इथे टोचलं, इथे भाजलं. पण कातडीत त्यांची जी टोकं असतात ना, ती तिथल्या तिथेही काम करतात. त्या टोकांतून काही रसायनं बाहेर पडतात. त्यांनी आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या रक्षक पेशी गोळा होतात, चेव येतो त्यांना. आणि त्या पेशी जे सोडतात त्याने नसांची टोकं आणखी चाळवतात. एकमेकांना चढवत बसतात दोघं. तुमची नस कापली गेली, टोकं वाळून गेली, चढवणारं कुणी राहिलं नाही. पेशी शांत झाल्या."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या नसाच हा उद्योग करत होत्या?"

"एकट्या नाही. पण सामील होत्या."

तिने माझ्या गुडघ्याचे मोबाइलवर फोटो काढले, पेपरांचेही काढले. जाताना म्हणाली, "काका, रविवारचं काम बंद करू नका."

रिक्षात बसल्यावर मला हसू आवरेना. साठी उलटलेली बाई, अर्धा गुडघा साफ झाला म्हणून हसतेय. नवरा म्हणाला, "वेड लागलं तुला." पण तोही हसत होता.

मार्चमध्ये मी नीट चालायला लागले, तेव्हा आम्ही मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेलो. माझी थोरली बहीण वाकोल्याला राहते, तीही आली. मी गुडघ्यापर्यंतची पँट घातली होती. ताईने बोटीतच बघितलं आणि तिचं मालवणी सुरू झालं. "गो, ह्या काय घातलंस? साठ वर्सांची झालंस ना?"

"दिसतंय ना घातलंय ते," मी म्हटलं.

खरं तर डावा गुडघा तसाच होता, उजव्याचा आतला भागही तसाच. पण मला सारखा तो चांगला तुकडाच दिसत होता. मनोरीच्या किनाऱ्यावर माणसं फारशी नव्हती. सुकत टाकलेल्या मासळीचा वास होता. नवऱ्याचा हात धरून मी पाण्यात गेले. लाट आली, गुडघ्यापर्यंत चढली. आतल्या बाजूला गार लागली. बाहेरच्या बाजूला पाणी दिसत होतं, पण लागत नव्हतं. ते मला त्या क्षणी अजिबात खटकलं नाही. मी मनात हिशोब करत होते, की डाव्याचं ऑपरेशन राहिलंय, तेव्हाही नस कापली जाईल, मग तिथलाही चट्टा जाईल.

पुढच्या तपासणीला मी सर्जनना ते बोलूनही दाखवलं. "डॉक्टर, डावीकडची नस कापाल ना? आणि जमलं तर आतल्या बाजूचीही."

ते हसले. "अहो, ती मी मुद्दाम कापत नाही. ती वाटेत येते. वाचवता आली तर मी वाचवतोच."

"नका वाचवू."

"बघू," म्हणाले, आणि पुढचा एक्स-रे हातात घेतला. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी करत नव्हते.

मे महिन्यात याची दुसरी बाजू कळली. ताई चार दिवस राहायला आली होती. संध्याकाळी मांडी आखडली म्हणून मी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, ती मांडीवर ठेवली आणि टीव्हीवरची मालिका बघत बसले. पिशवी कधी घसरून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकली ते कळलंच नाही. मालिका संपली, उठायला गेले, तर गाऊन पायाला चिकटला होता. उचलून पाहिला. तळहाताएवढा फोड, आणि तो फुटलेला.

ताई किंचाळली. "गो, भाजला मगे तुका कळूक नाय?"

"नाही कळलं," मी म्हटलं. आणि तेव्हा मला रडू आलं. दुखत नव्हतं म्हणून रडू आलं. इतकं भाजलंय आणि दुखत नाही, हे बघवत नव्हतं.

सर्जन यावेळी हसले नाहीत. जंतू आत सांध्यापर्यंत गेले तर बसवलेला गुडघा काढून पुन्हा सगळं करावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अँटिबायोटिक सुरू झालं. एक दिवसाआड ड्रेसिंग. नवरा हात धुऊन, मास्क लावून, चित्राला हात घालावा तितक्या हलक्या हाताने पट्टी सोडायचा. जखम दोन आठवड्यांत भरेल असं वाटलं होतं. तीन गेले, चार गेले, कडा पांढुरक्याच. मला डायबेटिस नाही, सिगारेट नाही, जेवण चांगलं. मग भरत का नाही?

त्वचेची डॉक्टर जखम बघून म्हणाली, "तीच नस, काकी. तिच्या टोकांतून पडणारी रसायनं जखम भरायलाही लागतात. रक्त वाढवायला, रक्षक पेशींना बोलवायला, नवी कातडी धरायला. चट्ट्याच्या वेळी तीच माणसं दंगा करत होती, हे खरं. पण आग लागली की बादल्या घेऊनही तीच येतात. तुमच्याकडे सध्या माणसं कमी आहेत."

"म्हणजे मी खूश झाले ते चुकलं?"

"चुकलं कुठे? कोणीही झालं असतं."

त्या दिवसांत मला संध्याकाळी भीती वाटायची. आधी मी कधी शरीराचा असा विचार केला नव्हता. पोरींना सांगायची, अंग ऐका, दुखलं तर थांबा. आता माझ्या पायाचा एक तुकडा काही सांगतच नव्हता, त्याला मीच दिवसातून चारदा डोळ्यांनी विचारून यायची. आरसा घेऊन बघायची, मुंगी चढली का, चप्पल घासली का. नवऱ्याला हे कळत होतं. गरम पाण्याची पिशवी त्याने कुठे टाकून दिली ती मला पुन्हा दिसली नाही.

सहा आठवड्यांनी जखम भरली. तांबूस, चकचकीत डाग राहिला. एरवी भाजल्यावर माझ्या अंगावर चट्टा हमखास उठला असता. तिथे तो उठला नाही.

गणपतीच्या सुमारास गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. आधी मला वाटलं खरीच मुंगी आहे. मी हात मारला, काही नव्हतं. मग कधी विजेचा बारीक झटका बसावा तसं, कधी पंख्याचा वारा बोचावा तसं. रविवारी काडी टोचली तर माझा हो निळ्या रेघेच्या आत आला. नवऱ्याने नवी रेघ काढली. पुढच्या रविवारी आणखी आत. पपईची फोड बारीक होत चालली.

दिवाळीनंतर लालही आत आलं.

आधी नखाएवढा एक ठिपका, चिरेच्या अगदी लगत, जिथे जाणवणं सगळ्यात आधी परतलं होतं तिथे. नवऱ्याने तो मला सांगितला नाही. लाल पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मी डोळे मिटूनच म्हटलं, "आला का?"

"आला. लहानसाच."

"काढ मग. तारीख टाक."

वाईट वाटलं. नाही वाटलं असं म्हणणार नाही. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी तांब्यातलं पाणी जरा जास्त कढत होतं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चांगलाच चटका बसला. मी "आई गं" करून तांब्या बाजूला केला, आणि मग तिथेच स्टुलावर बसून दोन्ही हातांनी तो गुडघा धरून ठेवला. बाहेरून नवरा विचारत होता, "काय झालं? पडलीस का?"

"नाही रे. गरम लागलं," मी म्हटलं. "बाहेरच्या बाजूला."

 मग तो म्हणाला, "मग गार घाल ना त्यात."

चट्टा आज पहिल्याएवढा नाही. निळी आकृती अजून दोन बोटं उरली आहे आणि तेवढा भाग साफ आहे. बाकीचा लाल आहे, पण मलमांनी आटोक्यात राहतो. डॉक्टरने आता आठवड्यातून दोनदा प्रकाशाचे उपचार सुरू केलेत. एका उभ्या कपाटासारख्या यंत्रात गॉगल लावून काही मिनिटं उभं राहायचं असतं. तिने आमचे पेपर तिला शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, अशा चिकाटीने कोण मोजतं हल्ली? हे ऐकून नवरा चार दिवस ताठ मानेने फिरला.

डाव्या गुडघ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. परवा सर्जनकडे गेलो, तेव्हा त्यांनीच विषय काढला. "मग बाई, काय करायचं? नस ठेवायची की कापायची?"

 डाव्या गुडघ्यावर चट्टा चांगला पसरलेला आहे, रात्री खाज येते, आणि मनोरीला घातलेली ती पँट कपाटात आहे. हे सगळं मला माहीत होतं. भाजलेल्या डागावरून हात फिरवला तर आता हात लागल्याचं कळतं, तेही माहीत होतं.

"वाचली तर वाचवा," मी म्हटलं. "नाही वाचली तर आमच्याकडे ट्रेसिंग पेपर आहेत."

नवरा म्हणाला, "संपलेत. येताना आणायला हवेत."

दवाखान्यातून निघून आम्ही स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "किती देऊ?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वर्षभराचे द्या."